टेक्सासच्या ठरावात नसलेलं कलम

टेक्सासमधल्या सरकारी शाळांत सकाळी मुलं दोन प्रतिज्ञा म्हणतात. पहिली अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर. तिच्यात देश अविभाज्य असल्याचा शब्द आहे. ती संपली की दुसरी, टेक्सासच्या एकाच ताऱ्याच्या झेंड्यासमोर. तिच्यातही टेक्सास एक आणि अविभाज्य असल्याचं म्हटलेलं आहे. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या परिसरात आज मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि तिथली आपली नातवंडंही या दोन्ही प्रतिज्ञा घडाघडा म्हणतात. पुढे केव्हातरी त्याच मुलांच्या कानावर तिसरं एक वाक्य पडतं. टेक्सास अमेरिकेत करार करून आलं, आणि वाटेल तेव्हा बाहेर पडण्याचा हक्क त्यानं त्या करारात राखून ठेवला आहे, असं ते वाक्य. शेजारी सांगतो, गाडीच्या मागे चिकटवलेली पट्टी सांगते, आणि मूल घरी येऊन मोठ्या अभिमानानं तेच आजी-आजोबांना फोनवर सांगतं.

हे केवळ गप्पांतलं वाक्य नाही. २००९ साली त्या वेळचे गव्हर्नर रिक पेरी हेही, १८४५ मध्ये संघात येताना पुढे बाहेर पडता येईल असं ठरलं होतं, अशा अर्थाचं बोलून गेले. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर टेक्सासला शांतपणे वेगळं होऊ द्यावं, अशा अर्जावर व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर सव्वा लाखाच्या आसपास सह्या जमल्या. २०२२ मध्ये राज्यातल्या रिपब्लिकन पक्षानं या प्रश्नावर जनमत घ्यावं, असं आपल्या जाहीरनाम्यात घातलं. ब्रिटनच्या ब्रेक्झिटवरून 'टेक्झिट' हा शब्दही आता रूढ झाला आहे. वेगळं व्हावं असं कुणाला वाटत असेल तर तसं म्हणण्याचं स्वातंत्र्य त्याला आहेच. मला खुपतं ते वेगळंच. आपल्याला जे हवंय ते आधीच कागदावर लिहून दिलेलं आहे, अशी समजूत लाखो लोक मनाशी धरून बसलेत, आणि तो कागद काढून वाचण्याची तसदी मात्र फार थोडे घेतात.

समजुतीला मूळ आहे, हे आधी मान्य करायला हवं. टेक्सास खरोखरच एकेकाळी स्वतंत्र देश होता. २ मार्च १८३६ ला ब्राझोस नदीकाठच्या एका छोट्या वस्तीत जमलेल्या प्रतिनिधींनी मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. चारच दिवसांनी सान अँटोनियोमधलं अलामोचं ठाणं मेक्सिकन सैन्यानं घेतलं आणि आतले लढवय्ये मारले गेले. २१ एप्रिलला सॅन हॅसिंटोच्या लढाईत सॅम ह्यूस्टननं मेक्सिकोच्या सेनापती सांता आनाचा पराभव केला, आणि हाच ह्यूस्टन पुढे या नव्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. जवळजवळ दहा वर्षं टेक्सासला स्वतःचा अध्यक्ष होता, स्वतःचं चलन होतं, परदेशांत वकील होते, आणि डोक्यावर भलंमोठं कर्जही होतं. ऑस्टिनच्या विधानभवनात घुमटाखाली उभं राहिलं तर पायाखालच्या फरशीत ही सगळी हकीकत कोरलेली दिसते: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, दक्षिणेचं गुलामधारी महासंघ-राज्य आणि अमेरिका यांच्या मुद्रा कडेनं, आणि मधोमध टेक्सास प्रजासत्ताकाचा तारा. ज्या घरात मूल असं अंगण बघत मोठं होतं, तिथं 'आम्ही कधीही परत देश होऊ शकतो' हे वाक्य खोटं वाटत नाही. अभिमान खरा असतो, त्यामुळे त्याच्या आधारानं आलेलं वाक्यही खरंच वाटतं.

आता तो 'करार'. विलीनीकरणाचा करार एप्रिल १८४४ मध्ये झाला खरा, पण तो टिकला नाही. अमेरिकेत परराष्ट्राशी केलेला करार सिनेटनं दोन तृतीयांश मतांनी मंजूर करावा लागतो. ८ जूनला मतं मोजली तेव्हा बाजूनं १६ आणि विरुद्ध ३५ पडली. टेक्सास आलं तर गुलामगिरी चालणारा आणखी एक प्रचंड प्रदेश संघात येणार, आणि मेक्सिकोशी युद्धही ओढवणार, ही भीती त्यामागे होती. मग अध्यक्ष जॉन टायलर यांनी दुसरी वाट काढली. दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव साध्या बहुमतानं होतो. तो करून घेतला, आणि १ मार्च १८४५ ला, पद सोडायला तीन दिवस राहिलेले असताना, त्यावर सही केली. टेक्सासच्या परिषदेनं ४ जुलैला तो स्वीकारला, मतदारांनीही कौल दिला, आणि २९ डिसेंबर १८४५ ला टेक्सास राज्य म्हणून संघात दाखल झालं. पुढच्या फेब्रुवारीत ऑस्टिनला समारंभ झाला, प्रजासत्ताकाचा झेंडा उतरवला गेला, आणि शेवटचे अध्यक्ष अ‍ॅन्सन जोन्स यांनी प्रजासत्ताक संपल्याचं जाहीर केलं.

तेव्हा ज्या करारात हक्क राखून ठेवल्याचं सांगतात, तो करार सिनेटमध्येच पडला होता. उरतो तो ठराव. तो लहानसा आहे. त्यात टेक्सासच्या सीमेचा वाद अमेरिकेच्या सरकारनं मिटवायचा असं आहे. टेक्सासचं कर्ज टेक्सासनंच फेडायचं, आणि त्यासाठी आपल्या पडीक सरकारी जमिनी आपल्याकडेच ठेवायच्या, असं आहे. या जमिनींची सवलत खरोखर वेगळी होती. बहुतेक नव्या राज्यांत अशा जमिनी केंद्राच्या मालकीच्या असत. गुलामगिरी कुठल्या अक्षांशाच्या वर चालणार नाही, हे आहे. आणि एक वाक्य असं आहे की टेक्सासच्या संमतीनं या प्रदेशातून पुढे जास्तीत जास्त चार नवी राज्यं काढता येतील, आणि ती राज्यघटनेतल्या तरतुदींप्रमाणे संघात घेतली जातील. बाहेर पडण्याविषयी त्यात एक अक्षर नाही.

माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं बी या चार राज्यांच्या वाक्यात आहे. 'टेक्सासला आपले तुकडे करता येतात' हे ऐकीव वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना 'टेक्सासला तुटून जाता येतं' असं झालं असावं. पण आपल्या जमिनीची वाटणी करून घेणं आणि गावच सोडून जाणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. एकूण पाच राज्यं झाली असती तरी ती पाचही अमेरिकेतच राहिली असती. शिवाय हे वाक्य दिसतं तितकं दुर्मीळही नाही. राज्याच्या विधिमंडळाची आणि काँग्रेसची संमती असेल तर कुठल्याही राज्यातून नवं राज्य काढता येतं, अशी तरतूद अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात पहिल्यापासून आहे. मेन हे राज्य १८२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधून असंच निघालं.

आपल्याकडच्या वाचकाला इथं थोडं थांबावं लागेल, कारण आपली व्यवस्था याहून निराळी आहे. मुंबई राज्याचं महाराष्ट्र आणि गुजरात असं विभाजन झालं ते संसदेच्या १९६० च्या कायद्यानं. आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसद राज्याची सीमा बदलू शकते, राज्य दुभंगू शकते, नाव बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. अमेरिकेत राज्याच्या संमतीशिवाय त्याची एक फूटभर जमीनही दुसऱ्या राज्याला देता येत नाही. तिथं राज्याचं अंग इतकं अभेद्य मानलेलं असल्यामुळेच, 'मग ते बाहेरही जाऊ शकत असणार' हा तर्क मनात सहज येतो. अंग अभेद्य असणं आणि संबंध तोडता येणं यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही.

झेंड्याचीही एक गोष्ट याच माळेत ओवतात. आपला झेंडा राष्ट्रध्वजाच्या बरोबरीनं त्याच उंचीवर फडकवण्याचा मान एकट्या टेक्सासला आहे, कारण ते देश म्हणून आलं, असं सांगतात. अमेरिकेच्या ध्वजसंहितेप्रमाणे शेजारशेजारच्या काठ्यांवर कुठल्याही राज्याचा झेंडा राष्ट्रध्वजाच्या उंचीवर लावता येतो. फक्त त्याहून वर नाही. विषय इथेच संपला.

गंमत अशी की करारातल्या हक्काच्या समजुतीच्या अगदी उलट समजूत धरणारेही लोक टेक्सासमध्ये होऊन गेले. सिनेटनं करार फेटाळला म्हणजे विलीनीकरणच बेकायदा, सबब टेक्सास आजही स्वतंत्र देशच आहे, असं 'रिपब्लिक ऑफ टेक्सास' नावाचा एक गट मानत असे. १९९७ च्या वसंतात त्यांनी फोर्ट डेव्हिसजवळच्या डोंगरात एका जोडप्याला ओलीस धरलं, पोलिसांचा वेढा आठवडाभर चालला, आणि शेवटी माणूस गेला. चुकीचं कायद्याचं ज्ञान ही निरुपद्रवी करमणूक असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो आठवडा आठवावा. आणि त्यांचा मुद्दाही टिकत नाही; ठरावानं प्रदेश सामील करून घेण्याला अमेरिकेच्या व्यवहारात पुढेही मान्यता राहिली. १८९८ मध्ये हवाई बेटं अशाच संयुक्त ठरावानं घेतली गेली.

टेक्सास एकदा खरोखर बाहेर पडलं होतं, आणि ते कसं, हे बघितल्याशिवाय पुढचा कायदा कळत नाही. १ फेब्रुवारी १८६१ ला ऑस्टिनमधल्या परिषदेनं १६६ विरुद्ध ८ मतांनी संघ सोडण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात मतदान झालं आणि साधारण तिनास एक या प्रमाणात लोकांनी तो उचलून धरला. मतदान करणारे अर्थातच गोरे पुरुष. १८६० च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या सहा लाखांच्या थोडी वर होती, आणि त्यांतले एक लाख ब्याऐंशी हजारांहून अधिक लोक गुलाम होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. परिषदेनं आपली कारणं लिहून प्रसिद्ध केली, ती आजही वाचायला मिळतात. काळ्या माणसांना गुलामगिरीत ठेवणं योग्य आहे आणि उत्तरेकडची राज्यं त्यात अडथळा आणत आहेत, हे त्यांत सरळ लिहिलं आहे. राज्यांचे हक्क, स्वायत्तता ही भाषा आज जितकी मोठ्यानं ऐकू येते, तितकी त्या कागदात नाही.

आणि या सगळ्याला विरोध कुणी केला? सॅम ह्यूस्टननं. सॅन हॅसिंटो जिंकणारा, प्रजासत्ताकाचा अध्यक्ष राहिलेला, आणि आता राज्याचा गव्हर्नर असलेला हाच माणूस संघ सोडायला तयार नव्हता. नव्या महासंघ-राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला १६ मार्चला त्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. सांगतात की तेव्हा तो विधानभवनाच्या तळघरात बसून चाकूनं लाकूड तासत होता. तो वर गेलाच नाही. त्याला पदावरून काढलं. टेक्सासला स्वतंत्र देश करणाऱ्या माणसानं गव्हर्नरपद गमावलं, पण टेक्सासच्या फुटण्यासाठी हात वर केला नाही. शाळेतल्या मुलांना अलामोबरोबर हे तळघरही सांगायला हवं.

त्यानंतर उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत झालेल्या चार वर्षांच्या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसं मेली. युद्धानं प्रश्न मिटला असं म्हणतात, पण न्यायालयासमोर तो आला तेव्हा त्याचं रूप फारच साधं होतं. प्रश्न आला सरकारी रोख्यांच्या पाठीवरच्या एका सहीच्या निमित्तानं.

त्याचं झालं असं. १८५० मध्ये टेक्सासनं न्यू मेक्सिकोकडच्या मोठ्या प्रदेशावरचा दावा सोडला, आणि त्याच्या बदल्यात केंद्रानं एक कोटी डॉलर देण्याचं ठरवलं. त्यातले पन्नास लाख रोख्यांच्या रूपात मिळाले. प्रत्येक रोखा एक हजार डॉलरचा, पाच टक्के व्याजाचा, १८६४ च्या डिसेंबरनंतर वटवता येणारा. पैसे टेक्सास राज्याला किंवा धारकाला, म्हणजे कागद ज्याच्या हातात असेल त्याला. असा कागद कुणाच्याही खिशात जाऊ शकतो, म्हणून टेक्सासनं १८५१ मध्ये आपल्यापुरता नियम केला: गव्हर्नरनं मागच्या बाजूला सही करून दिल्याशिवाय रोखा कुणाच्या हाती गेला तरी चालणार नाही. आपल्याकडे धनादेशाच्या मागे सही घेतात त्यातलाच हा प्रकार. बहुतेक रोखे या रीतीनं विकले गेले, काही शिल्लक राहिले.

मग युद्ध आलं. फुटलेल्या टेक्सासच्या विधिमंडळानं १८६२ मध्ये गव्हर्नरच्या सहीचा नियमच काढून टाकला आणि रोखे विकण्याचं काम एका लष्करी मंडळाकडे दिलं. सही नसली की रोखा कुठून आला ते उत्तरेतल्या लोकांना कळणार नाही, हा हेतू. जानेवारी १८६५ मध्ये, युद्ध संपायला काही महिने उरले असताना, या मंडळानं जॉर्ज व्हाइट आणि जॉन चाइल्स या दोघांशी सौदा केला. तिजोरीतले १३५ रोखे आणि मँचेस्टरच्या एका पेढीत ठेवलेले आणखी ७६ त्यांना द्यायचे. बदल्यात त्यांनी कापूस पिंजायच्या तारेच्या दातांच्या फण्या आणि औषधं आणून द्यायची. बंदरांची नाकेबंदी झालेली, कापड मिळेना, औषध मिळेना. सगळी तंगी या एका सौद्यात दिसते.

युद्ध संपल्यावर नवं सरकार आलं आणि त्यानं हिशेब तपासला. हे रोखे आमचे, सहीशिवाय गेलेले, परत द्या, असं म्हणत टेक्सासनं १८६७ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा दावा आधी जिल्ह्याच्या न्यायालयात न नेता थेट वरच्या न्यायालयात नेण्याला आधार एकच होता: वादी एक 'राज्य' आहे, हा. तिथं प्रतिवादींनी नेमकं बोट ठेवलं. तुम्ही १८६१ मध्ये संघ सोडलात, तुमचे प्रतिनिधी अजून काँग्रेसमध्ये नाहीत, तुमच्यावर लष्करी अंमल आहे, मग तुम्ही राज्य कसले? तुम्हाला या दारात उभं राहण्याचाच अधिकार नाही.

इथं दोन्ही बाजू नीट बघून घ्याव्यात. टेक्सास खरोखर बाहेर पडलं होतं, असं म्हणण्यात फायदा होता तो रोखे बाळगणाऱ्यांचा. आणि आम्ही एक क्षणही संघाबाहेर गेलो नव्हतो, जाऊच शकत नव्हतो, हे म्हणत होतं खुद्द टेक्सास.

एप्रिल १८६९ मध्ये निकाल लागला. बहुमताचं निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती सॅमन चेस यांचं; पाच विरुद्ध तीन. चेस यांनी सुरुवात केली ती १७८१ च्या जुन्या संघ-करारापासून. त्यात संघाला चिरंतन म्हटलं होतं. तो संघ पुरेसा पक्का नाही म्हणून १७८७ मध्ये अधिक परिपूर्ण संघ घडवण्यासाठी नवी घटना लिहिली गेली. मग अधिक परिपूर्ण झालेला संघ आधीच्यापेक्षा कमी टिकाऊ कसा असेल? राज्यं अविनाशी आहेत आणि त्यांचा संघही अविनाशी आहे. टेक्सास एकदा आत आलं ते कायमचं. क्रांती झाली तर, किंवा बाकीच्या राज्यांच्या संमतीनं, एवढ्याच दोन वाटा उरतात. १८६१ चा ठराव, त्यावरचं मतदान आणि त्याला अंमलात आणणारे कायदे कायद्याच्या दृष्टीनं शून्य.

निकालपत्रातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो माणसांच्या रोजच्या आयुष्याचा विचार करतो. चार वर्षं तिथं लग्नं झाली, वारसाहक्क ठरले, जमिनी विकल्या गेल्या. हे सगळं रद्द म्हटलं तर घराघरात हाहाकार. म्हणून चेस यांनी भेद केला. लोकांचं नेहमीचं जगणं चालवण्यासाठी त्या सरकारनं जे केलं ते वैध. बंडाला मदत म्हणून जे केलं ते अवैध. १८६२ चा तो कायदा आणि लष्करी मंडळाचा सौदा बंडासाठी होता, सबब रद्द. रोखे टेक्सासचे. टेक्सास दावा जिंकलं.

या निकालावर टीका करणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. चेस हे युद्धकाळात लिंकन यांचे अर्थमंत्री होते. त्यांच्याकडून वेगळा निकाल कसा येणार होता, असं विचारलं जातं. त्यांची कारणमीमांसा थोडक्यात उरकलेली आहे, हेही खरं. न्यायमूर्ती ग्रियर यांनी विरोधी मत दिलं. पण फुटण्याचा हक्क आहे असं ते म्हणाले नाहीत. लष्करी अंमलाखालच्या टेक्सासला त्या घडीला राज्य म्हणणं हे डोळ्यांसमोरच्या वस्तुस्थितीशी जुळत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कधी कधी असंही छातीठोकपणे सांगितलं जातं की हा निकाल पुढे फिरवला गेला. १८८५ च्या मॉर्गन खटल्यात न्यायालयानं त्यातला रोख्यांच्या व्यवहाराविषयीचा भाग बदलला, हे बरोबर. संघ सोडण्याविषयीचा भाग जागच्या जागी आहे. अलीकडे, २००६ मध्ये, न्यायमूर्ती अँटोनिन स्केलिया यांना एका पटकथालेखकानं याच विषयावर पत्र लिहिलं, तेव्हा यादवीनं कुठला घटनात्मक प्रश्न निकाली काढला असेल तर तो हाच, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. राज्यांच्या अधिकारांचा कैवार घेणारे म्हणून ओळखले जाणारे न्यायाधीश होते ते.

हक्क आहे असं म्हणणारे मग जुन्या कागदांकडे वळतात. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी १७८८ मध्ये घटना मान्य करताना, सत्ता लोकांची आहे आणि जुलूम झाला तर लोक ती परत घेऊ शकतात, असं लिहून ठेवलं होतं. त्यावरून, आत येतानाच बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला होता, असा अर्थ काढतात. पण न्यूयॉर्कमध्ये, आधी अटीवर आत येऊ, जमलं नाही तर काही वर्षांनी निघू, असा विचार खरोखर पुढे आला होता. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी हॅमिल्टन यांनी तो मॅडिसन यांना कळवला. मॅडिसन यांचं उत्तर आलं की अशा अटीवरची मान्यता म्हणजे मान्यताच नव्हे. घटना स्वीकारायची ती संपूर्ण आणि कायमची. न्यूयॉर्कनं अट सोडली. घटनेचा जनक ज्यांना म्हणतात त्यांनी, घटना लागू होण्याच्याही आधी, हा प्रश्न पत्रात निकालात काढला होता.

टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेतलंही एक वाक्य पुढे करतात: सर्व सत्ता लोकांची आहे, आणि आपलं सरकार बदलण्याचा किंवा मोडून नवं करण्याचा हक्क त्यांना सदैव आहे. वाक्य आहेच. पण त्याच्या आधीच्या कलमात टेक्सास हे अमेरिकेच्या घटनेच्या अधीन असल्याचं लिहिलं आहे. दोन कलमं लागोपाठची आहेत. एकच वाचायचं आणि दुसरं सोडायचं हे बरोबर नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १८६१ मध्ये फुटलेल्या राज्यांनी स्वतःची नवी घटना लिहिली तेव्हा, ज्या हक्कासाठी लढत असल्याचं ते म्हणत होते, तो फुटण्याचा हक्क त्यांनी तिच्यात लिहिला नाही. प्रास्ताविकात उलट कायमस्वरूपी संघ-सरकारची भाषा आहे.

'पण अमेरिका स्वतः ब्रिटनपासून फुटूनच निघाली ना?' हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. निघाली, आणि ब्रिटिश कायद्याप्रमाणे ते बंडच होतं. १७७६ मध्ये सही करणाऱ्यांना ते पुरतं ठाऊक होतं. हरलो तर फासावर जाऊ, हे जाणून त्यांनी सही केली. असह्य जुलमाविरुद्ध उठण्याचा नैतिक हक्क माणसाला असतो, आणि तो कुठल्याही न्यायालयाच्या शिक्क्यानं येत नाही किंवा जात नाही. पण ज्या कायद्याविरुद्ध उठायचं, त्याच कायद्यानं ती परवानगी दिलेली आहे असं म्हणता येत नाही. १८६१ च्या टेक्सासला नैतिक हक्कही नव्हता, कारण ते उठलं होतं ते जुलमाविरुद्ध नव्हे, जुलूम चालू ठेवण्यासाठी.

चेस यांनी संमतीची वाट मोकळी ठेवली आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जगात जिथं जिथं ही गोष्ट कायद्यानं झाली वा होऊ घातली, तिथं ती संमतीच्या किंवा आधी लिहून ठेवलेल्या नियमाच्या वाटेनं गेली. क्यूबेकमध्ये १९९५ च्या जनमतात वेगळं होण्याची बाजू ४९.४२ टक्क्यांवर थांबली. तीन वर्षांनी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रांताला एकतर्फी निघून जाता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकीच्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. स्कॉटलंडचं २०१४ चं जनमत लंडनच्या सरकारनं मान्य केलेल्या व्यवस्थेखाली झालं. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स आणि नेव्हिस या छोट्या देशाच्या घटनेत तर नेव्हिसला बाहेर पडण्याची रीत लिहिलेलीच आहे, दोन तृतीयांश मतांच्या अटीसह. १९९८ मध्ये मतदान झालं, सुमारे ६२ टक्के लोकांनी 'जाऊ' म्हटलं, अट पुरी झाली नाही, आणि नेव्हिस आजही तिथंच आहे. कलम असलं की ते असं दिसतं: आकडा ठरलेला, पद्धत ठरलेली. टेक्सासच्या ठरावात यातलं काहीही नाही.

आपल्या घटनेनं हा धडा अमेरिकेकडून समजून-उमजून घेतला. घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत 'राज्यांचा संघ' हे शब्द का निवडले ते समजावून सांगितलं. हा संघ घटक राज्यांनी आपसांत करार करून झालेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला तो सोडण्याचा हक्क नाही. अमेरिकेला हे ठरवण्यासाठी यादवी लढावी लागली. आपण ते तर्काला किंवा वादाला न सोडता सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं, असं मसुदा समितीला वाटलं, हे त्यांनी त्या भाषणात नेमकं सांगितलं. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. त्या देशानं हा प्रश्न मोकळा ठेवण्याची किती किंमत मोजली, ते त्यांना पुस्तकातून आणि जवळूनही माहीत होतं. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातला 'संघ' हा एक शब्द त्या जाणिवेतून आला आहे.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांना एक विनंती आहे. मूल करारातल्या हक्काचं ते तिसरं वाक्य घेऊन घरी आलं तर त्याला हसू नका, आणि त्याचा अभिमानही मोडू नका. १ मार्च १८४५ चा तो ठराव इंटरनेटवर सहज मिळतो आणि वाचायला पाच मिनिटं लागतात. त्याला शेजारी बसवा, ठराव त्यालाच मोठ्यानं वाचू द्या, आणि बाहेर पडण्याचं कलम कुठे आहे ते शोधायला सांगा.